पांडवकडा फक्त पावसाळ्यापुरता नाही

जुलैतल्या एखाद्या रविवारी सकाळी नवी मुंबईतल्या खारघरला, पांडवकडा धबधब्याच्या वाटेवर, गोल्फ कोर्सकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या पोलिसांच्या बॅरिकेडपाशी दहा मिनिटं उभं राहून बघा. चार पोरं येतात. गळ्यात टॉवेल, पायात फ्लोटर्स, एकाच्या हातात वेफर्सचं भलंमोठं पाकीट. "कुठं निघाली स्वारी?" हवालदार विचारतो. "इथंच, मित्राकडं." "मित्र डोंगरात राहतो काय रे?" पोरं हसतात, बाइक वळवतात, पुढच्या एका सोसायटीच्या भिंतीला लावतात आणि अर्ध्या तासानं ओढ्यात दिसतात. हवालदारालाही ते ठाऊक असतं. पण छत्री सांभाळत उभी असलेली दोन माणसं अख्खा डोंगर कसा राखणार?

अठरा पावसाळे मी हे नाटक बघतोय. पात्रं बदलतात, संवाद तेच.

पांडवकड्याची ओळख करून द्यायची गरज नाही. १०७ मीटरचा, म्हणजे साडेतीनशे फुटांचा सरळसोट कडा आणि त्यावरून एका उडीत खाली येणारं पाणी. वनवासात पांडव इथं आले, या धबधब्याखाली अंघोळ केली, अशी कथा. महाराष्ट्रात पांडव जिथं गेले नाहीत अशी दरी शोधावीच लागेल, पण ते असो. या पाण्यानं जीव घेतलेत, ही मात्र कथा नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कॉलेजच्या चार मुली इथं वाहून गेल्या. १८ जुलै २०२१ ला खारघरच्या डोंगरात ओढ्यापलीकडं अडकलेल्या ११६ जणांना अग्निशमन दलानं बाहेर काढलं. त्यात ७८ बायका आणि ५ मुलं होती. जुलै २०२४ मध्ये बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमागच्या डोंगरावर साठेक माणसं अशीच अडकली. खारघरच्या दोन्ही वेळी बंदी होती. कागदावर.

तेव्हा आधीच सांगतो, म्हणजे गैरसमज नको. भर पावसात कड्याखालच्या डोहात कोणी उतरू नये, आणि त्यासाठी बंदी असावी, याबद्दल माझं दुमत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. बंदीपलीकडं आपण या दरीचं काहीच केलेलं नाही. आदेश काढला, फलक लावला, बॅरिकेड टाकलं, संपलं. सप्टेंबर सरला की बॅरिकेड उचलून नेतात आणि मग आठ महिने ही दरी ना धड बंद, ना धड खुली अशी पडून राहते. दरी म्हणजे धबधबा आणि धबधबा म्हणजे धोका एवढंच समीकरण शहराच्या डोक्यात पक्कं बसलंय. तिथं एक वाट आहे, रान आहे, माणसं आहेत, हे कोणाच्या गावी नाही. मला वाटतं, ती वाट बारा महिने नीट, नियमानं चालती ठेवली तर पावसाळ्यातले मृत्यूही कमी होतील. हे उलटं वाटेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी पाण्याचं. हा सगळा डोंगर काळ्या दगडाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. कठीण थराखालचा मऊ थर झिजला की वरचा तुटून पडतो आणि कडा एकेक पायरी मागं सरकतो. अशीच ही दरी कोरली गेली. या दगडात पाणी फारसं मुरत नाही, वर मातीचा थरही पातळ. त्यामुळं माथ्यावर तासभर धो-धो कोसळलं की ते सगळं पाणी एकाच घळीतून खाली येतं, आणि खाली त्या वेळी कदाचित ऊन असतं. घात होतो तो इथं. खाली भिजणाऱ्या माणसाला वर काय चाललंय ते दिसत नाही. घोट्याएवढ्या पाण्यातून ओढा ओलांडून पलीकडं गेलेला माणूस परत येईपर्यंत पाणी छातीला लागतं.

मला हे अनुभवानं कळलं. कॉलेजात असताना आम्ही सहा जण एका ओढ्यापलीकडं असेच अडकलो होतो. दोन ओढण्या आणि एका जर्किनच्या बाह्या बांधून दोर केला. त्या मूर्खपणाची आज आठवण आली तरी पोटात गोळा येतो, कारण त्या गाठी सुटल्या नाहीत हे निव्वळ नशीब. त्या दिवशी आम्हाला कोणी सांगायला हवं होतं की पाणी येण्याआधी सांगून येतं. ते मी शिकलो पुष्कळ वर्षांनी, आणि शिकवणारा माणूस होता डोंगरावरच्या एका वाडीतला.

खारघरच्या डोंगरमाथ्यावर फणसवाडी, चाफेवाडी अशा आदिवासी वाड्या आहेत. खाली पंचवीस-तीस मजली टॉवर आणि वर कौलारू घरं, मध्ये अर्ध्या तासाची चढण. जूनमध्ये डोंगरावरच्या बायका सेक्टरांमधल्या बाजारात पाटीत शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात. माझ्या बायकोनं पहिल्या वर्षी नुसतीच शेवळं उचलली तर मावशींनी हात धरला. "काकडं पण घे बाई, नाहीतर घसा खाजंल." शेवळाची खाज काकडाच्या आंबट फळानं मारायची, हे ज्ञान आमच्या घरात त्या पाटीतून आलं. मागाहून कंटोळी येतात, कुरडू येतो. या बायका टोपली डोक्यावर घेऊन ज्या पायवाटांनी उतरतात, त्या वाटा आपल्या नकाशावर नाहीत.

त्या वाटा शहरापेक्षा जुन्या आहेत. १७ मार्च १९७० ला नवी मुंबई वसवणारी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, तेव्हा नव्या शहरासाठी ९५ गावांची जमीन ठरली. पनवेलकडचा हा भाग त्या वेळी कुलाबा जिल्ह्यात होता, रायगड हे नाव १९८१ मध्ये आलं. खाली आगरी-कोळ्यांची भातशेती, मिठागरं आणि खाडी, वर ठाकरांच्या वाड्या, आणि दोघांना जोडणाऱ्या या चढणी. लाकूड, रानभाजी खाली यायची. मीठ, सुकी मासळी वर जायची. खालच्या गावांनी जमिनीच्या मोबदल्यासाठी लढा दिला, जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पाच जणांनी प्राण दिले, त्यातून घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड देणारी साडेबारा टक्के योजना आली. हा इतिहास निदान त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटलांच्या नावानं तरी सगळ्यांना माहीत आहे. डोंगराच्या वाटांचा इतिहास मात्र कोणी लिहून ठेवलेला नाही. तो फक्त चालणाऱ्यांच्या पायांत आहे, आणि पाय म्हातारे होत चाललेत.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी वाडीतल्या त्याच दादांबरोबर दरीत उतरलो. वनखात्याच्या माणसाला सांगून, सकाळी सातला. पावसाळ्यात टीव्हीवर दिसणारी जागा ती हीच का, असा प्रश्न पडावा इतकी शांत. ओढ्यात मोठमोठ्या गोल धोंड्यांखालून पाण्याची बारीक धार, तिचा आवाज ऐकायला थांबावं लागतं. दगडात पाण्यानं फिरवून फिरवून कोरलेले खळगे, काही वाटीएवढे, काही घागरीएवढे. त्यांत पानं कुजून पाणी चहासारखं झालेलं. कुड्याच्या शेंगा जोडीजोडीनं लोंबत होत्या. सागाची पानं किड्यांनी अशी खाल्लेली की शिरांची जाळी तेवढी उरलेली, उजेडाला धरली तर नक्षी. एका दगडाखालून खेकडा बाहेर आला, आमच्याकडं बघून परत आत गेला. दादा म्हणाले, "हा शहाणा."

मग त्यांनी मला एक झाड दाखवलं. ओढ्याच्या काठावरचं उंबर, आणि त्याच्या फांदीत माझ्या डोक्याच्याही वर हातभर अडकलेलं गवत, काटक्या, प्लास्टिकची एक पिशवी. "हे कोणी ठेवलं सांगा." मला कळेना. "जुलैमध्ये पाणी इथवर होतं." मी खाली ओढ्याकडं बघितलं, वर पिशवीकडं बघितलं. आयुष्यात वाचलेल्या सगळ्या धोक्याच्या पाट्यांनी मिळून जे काम केलं नसेल ते त्या एका पिशवीनं केलं. पाणी चढण्याआधीच्या खुणाही त्यांनीच सांगितल्या. निवळ पाणी अचानक गढूळ होतं. ताजी हिरवी पानं, काड्या वाहत येऊ लागतात. मातीचा वास येतो. आवाज बदलतो, खळखळ जाऊन घरघर येते. यातलं एक जरी झालं तरी चपला शोधत बसायचं नाही, जवळच्या काठानं वर चढायचं.

ज्या पोरानं नोव्हेंबरात ती पिशवी बघितली असेल ते जुलैत ओढा ओलांडताना एकदा तरी वर बघेल. माझा सगळा मुद्दा इथं येऊन टेकतो. आज त्याला दरी माहीत आहे ती फक्त रीलमधली, पाण्यानं भरलेली, चोरून जायची. चोरून गेलेला माणूस घाईत असतो, चुकीच्या वाटेनं जातो, कोणाला सांगून जात नाही, आणि अडकला तर भीतीनं उशिरा फोन करतो. आपल्या बंदीनं गर्दी थांबवली नाही, ती फक्त आडवाटेला लावली.

बंदीच्या कायद्याकडंही बघा. धबधब्यांवरचे मनाई आदेश बहुतेक पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ नं घेतली. ही तरतूद आहे तातडीच्या, अचानक उद्भवणाऱ्या धोक्यासाठी, आणि असा आदेश मुळात दोन महिन्यांपुरता असतो. आता मला सांगा, पावसाळा काय अचानक उद्भवतो? तो दरवर्षी जूनमध्ये येतो, शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. दरवर्षी येणाऱ्या गोष्टीवर दरवर्षी तातडीचा आदेश काढायचा म्हणजे वर्षभर काही केलं नाही याची कबुलीच झाली. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली तेव्हाही पाठोपाठ आदेशांचा पाऊस पडला. पुढच्या जूनमध्ये मावळातच कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांसकट कोसळला, चार जण गेले.

यावर येणारा आक्षेप मला पाठ आहे, कारण तो आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर वर्षी येतो. वाट उघडली की कचरा येणार, दारू येणार, स्पीकर येणार, रानाची वाट लागणार. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि त्याचा पुरावा फार लांब शोधायला नको, ठाण्यातलं येऊर बघा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीतलं हे रान, उद्यानाभोवतीचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र डिसेंबर २०१६ मध्ये अधिसूचित झालेलं. तरी अनधिकृत बंगले, ढाबे, टर्फ यांवरून वर्षानुवर्षं वाद आणि कोर्टकज्जे चालू आहेत. शनिवारी रात्री पायथ्याच्या माझ्या मेव्हण्याच्या गॅलरीत बसलं की डीजे ऐकू येतो. बिबट्याच्या घरात वरात!

पण येऊरनं नेमकं काय सिद्ध होतं? तिथं रान बिघडवलं ते सकाळी दुर्बीण घेऊन चालणाऱ्यांनी, की रात्री गाडीतून येणाऱ्यांनी? चाकांना आणि बांधकामाला वाट मिळाली आणि पायांना परवानगीचे अर्ज. त्याच उद्यानाचं मानपाड्याला निसर्ग परिचय केंद्र आहे. घोडबंदर रोडच्या गोंगाटापासून हाकेच्या अंतरावर शाळेची पोरं रांगेनं रानात चालतात, झाडांची नावं विचारतात आणि परत येतात. तिथं डीजे वाजत नाही. तेव्हा जागा उघडली म्हणून बिघडते, हे खरं नव्हे. कोणासाठी आणि कशावर बसून जायला उघडली, त्यावर ठरतं.

राज्यात याची उदाहरणं आहेत. अकोले तालुक्यातल्या साम्रदची सांदण दरी घ्या. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातली ही अरुंद घळ, आत शिरलं की दोन्ही बाजूंना शेकडो फूट भिंती आणि वर आभाळाची फीत. पावसात तिथं कोणी शिरत नाही, कारण घळ म्हणजेच पाण्याची वाट. पाऊस सरला की साम्रदचे लोक वाटाड्या होतात, भाकरी करून घालतात, तंबू देतात. कुठल्या खडकावर शेवाळ आहे ते त्यांनाच माहीत, कोणाला परत पाठवायचं तेही तेच ठरवतात. साताऱ्याच्या कासला फुलांच्या हंगामात दिवसाला माणसांची मर्यादा, आगाऊ नोंदणी, आणि सांभाळायला आसपासच्या गावांच्या समित्या. तिथंही सगळं आलबेल नाही, शनिवार-रविवारी गाड्यांची रांग बघून जीव नको होतो. आणि आपल्या शेजारी पनवेलजवळ कर्नाळा अभयारण्यात दारावरच प्लास्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घेतात, परत आणून दाखवल्या तर पैसे परत. माणूस शंभर भाषणांनी सुधारत नाही, पण शंभर रुपयांसाठी रिकामी बाटली इमानदारीनं परत आणतो.

पांडवकड्याला हेच का होऊ नये? पायथ्यापासून कड्यासमोरच्या सुरक्षित उंचवट्यापर्यंत एक आखलेली पायवाट. मळलेली, मातीची, फरशा न टाकलेली. ऑक्टोबर ते मे वाडीतल्या वाटाड्याबरोबरच जायचं, एका वेळी पंधरा-वीस माणसं, सकाळीच. शुल्काचा पैसा थेट वाड्यांच्या समितीकडं. पावसाळ्यात डोहापर्यंतची वाट बंदच, पण उंचवट्यावरून बघायला वाव ठेवावा, आणि तो चालू-बंद ठरावा तो तारखेवर नव्हे, माथ्यावरच्या पावसावर. वर वाडीत एक पर्जन्यमापक आणि एक फोन. "इकडं जोर धरलाय, खाली माणसं काढा," एवढा निरोप दहा मिनिटं आधी मिळाला तर काय होऊ शकतं, याचा विचार २०२१ च्या त्या ११६ जणांना घेऊन करा.

आणखी एक फायदा आहे ज्याबद्दल कोणी बोलत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये या डोंगरावर वणवे लागतात. आमच्या गॅलरीतून रात्री तांबड्या रेघा दिसतात, सकाळी कपड्यांवर काळे कण. उन्हाळ्यात दरीत माणूस नसतो म्हणून ठिणगीची वार्ता खाली पोचेपर्यंत अर्धी उतरण जळून जाते. रोज वाटेवर असणारी, त्या वाटेवर पोट असणारी माणसं ही सगळ्यात स्वस्त वनरक्षक.

भीती मला बंदीची कमी आणि 'विकासा'ची जास्त वाटते. वाट उघडा म्हटलं की कोणाच्या तरी डोळ्यांसमोर लगेच काचेचा पूल येतो, झिपलाइन येते, सेल्फी पॉइंटवर सिमेंटचं हृदय येतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडी डोंगराखाली गाडली गेली. असले उतार खणून तिथं काँक्रीटचे जिने चढवायचे नसतात. पारसिकच्या डोंगराला दगडखाणींनी किती ओरबाडलंय ते ठाणे-बेलापूर रोडवरून जाताना दिसतंच. दरीला आपल्याकडून नवीन काहीच नकोय. दोन-चार दगडांवर चुन्याची खूण, एका उंबराच्या खोडावर पाण्याची जुलैतली पातळी दाखवणारी रेघ, आणि सोबत वाट माहीत असलेला माणूस.

त्या दिवशी परत येताना दादांना विचारलं, तुमच्या पोराला ही वाट ठाऊक आहे का? ते म्हणाले, तो खाली एका मॉलमध्ये सिक्युरिटीला आहे, बारा तासांची ड्यूटी, रविवारी झोपतो. थोडं पुढं गेल्यावर आपणहून म्हणाले, "पण रविवारी पैसे मिळत असतील तर उठेल." आम्ही गोल्फ कोर्सच्या बाजूनं रस्त्यावर आलो. जुलैतलं बॅरिकेड रस्त्याकडेला आडवं पडलेलं होतं आणि त्यावर कोणीतरी दोन गोधड्या वाळत घातल्या होत्या.